लांब पल्ल्याची नेमबाजी: हातातलं हवामान मीटर तपासायचं कसं, जुळवायचं कसं

हजार मीटरवरच्या लक्ष्यावर गोळी थोडी खाली लागली की नेमबाजाचा पहिला संशय जातो ट्रिगरवरच्या बोटावर, मग काडतुसांवर, मग स्कोपवर. हवामान मीटरवर सहसा कुणी संशय घेत नाही. पडद्यावर दशांश चिन्हासकट आकडा दिसतो आणि तो खराच असणार असं आपण धरून चालतो. खरा त्रास असा की मीटर चुकलं तर त्याची चूक मीटरमध्ये राहत नाही. आपण ती नकळत रायफलीच्या आकडेवारीत मुरवून टाकतो आणि मग कितीतरी दिवस भलत्याच जागी शोधत बसतो.

हे कसं होतं ते आधी बघू. समजा, मीटर उन्हात शूटिंग मॅटवर पडून होतं आणि तापमान खऱ्यापेक्षा ४ अंशांनी जास्त दाखवतंय. गोळीच्या मार्गाचा हिशोब करणाऱ्या बॅलिस्टिक प्रोग्रॅमला वाटतं, हवा विरळ आहे, गोळीला अडथळा कमी होईल. म्हणून तो स्कोपवर द्यायची उंचीची दुरुस्ती थोडी कमी सांगतो, आणि गोळी सहा-सात सेंटिमीटर खाली लागते. अशा वेळी आपल्या हाताशी एक सोयीचा उपाय असतो: ट्रूइंग. म्हणजे प्रत्यक्ष गोळ्या जिथे लागल्या त्यावरून प्रोग्रॅममधले आकडे जुळवून घेणं. मझल व्हेलॉसिटी, म्हणजे नळीतून बाहेर पडतानाचा गोळीचा वेग, सेकंदाला दोन-तीन मीटरनी कमी टाकला की हिशोब आणि लक्ष्यावरचं भोक तंतोतंत जुळतं. समाधान वाटतं. पुढच्या वेळी हवा ढगाळ असते, मीटर सावलीत असतं, तापमान बरोबर येतं, आणि आता गोळी वर लागते. रायफल तीच, काडतूस तेच. बदललं ते एवढंच की आधी झाकली गेलेली चूक उघडी पडली.

शिवाय वेगातल्या चुकीचा आणि हवेच्या घनतेतल्या चुकीचा परिणाम अंतरागणिक सारख्या प्रमाणात वाढत नाही. घनतेचा परिणाम दूर गेल्यावर जास्त झपाट्याने वाढतो. त्यामुळे १००० मीटरवर एकाची चूक दुसऱ्याने झाकली तरी १३०० मीटरवर ते ठिगळ उसवतं. म्हणून क्रम ठरलेला असावा: आधी मीटर तपासायचं, मग ट्रूइंग करायचं. उलटं केलं तर दोन्ही कामं वाया जातात.

एक टक्क्याचा हिशोब

केस्ट्रलसारखं हवामान मीटर मुख्यतः पाच गोष्टी सांगतं: तापमान, हवेचा दाब, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा. पहिल्या तीन मिळून हवेची घनता ठरते. घनता जितकी जास्त तितका गोळीला अडथळा जास्त, आणि तितकी ती जास्त खाली येते.

६.५ मिलिमीटर व्यासाची, सेकंदाला ८२० मीटरच्या आसपास वेगाने निघणारी एक मध्यम प्रतीची लांब पल्ल्याची गोळी घेऊ. तिच्यासाठी घनतेतली १ टक्का चूक म्हणजे १००० मीटरवर साधारण ५ सेंटिमीटर वर किंवा खाली. आता ही १ टक्का चूक व्हायला प्रत्येक सेन्सर किती चुकावा लागतो? तापमान ३ अंशांनी. दाब १० हेक्टोपास्कलनी. आणि आर्द्रता, ३० अंशांच्या उकाड्यातसुद्धा, तब्बल ६० टक्क्यांनी. म्हणजे खरी आर्द्रता ३० असताना मीटरने ९० दाखवली, तेव्हा कुठे ते ५ सेंटिमीटर होतात. थंडीत तर परिणाम त्याहूनही कमी, कारण थंड हवेत बाष्प मुळातच कमी मावतं.

हा हिशोब डोक्यात पक्का बसवावा. आर्द्रतेचा सेन्सर तपासायला मिठाच्या डब्या भरत बसणारे बरेच असतात. तेच लोक दाबाची सेटिंग एकदाही उघडून बघत नाहीत. वेळ कुठे घालवायचा ते या तीन आकड्यांवरूनच ठरतं.

जाता जाता एक समज दुरुस्त करतो. दमट हवा ‘जड’ वाटते, म्हणून ती गोळीला जास्त अडवत असेल असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात उलटं आहे. पाण्याच्या रेणूचं वजन १८, तर कोरड्या हवेचं सरासरी २९. बाष्प हवेत शिरतं तेव्हा ते जड रेणूंची जागा घेतं, आणि त्याच तापमानाला व दाबाला दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते.

दाब: सर्वात मोठी चूक इथेच होते

दाबाचे दोन आकडे असतात आणि सगळा गोंधळ त्या दोनांचा आहे. एक म्हणजे स्टेशन प्रेशर: तुम्ही जिथे उभे आहात तिथल्या हवेचा खरा दाब. दुसरा बॅरोमेट्रिक प्रेशर: तोच दाब, पण तुम्ही समुद्रसपाटीवर असता तर किती आला असता असा हिशोब करून सांगितलेला. हवामानाच्या बातम्यांत, फोनवरच्या अ‍ॅपमध्ये, विमानतळाच्या अहवालात दिसतो तो बहुधा दुसरा. गोळीला मात्र समुद्रसपाटीशी काही देणंघेणं नसतं. ती जिथे उडते तिथलीच हवा तिला अडवते. बॅलिस्टिक प्रोग्रॅमला हवा असतो तो स्टेशन प्रेशर.

फरक किती मोठा आहे ते बघा. समजा, रेंज समुद्रसपाटीपासून ६०० मीटर उंचीवर आहे आणि जवळच्या, तितक्याच उंचीवरच्या विमानतळाच्या अहवालात दाब १०१२ हेक्टोपास्कल लिहिलाय. तिथला खरा स्टेशन प्रेशर येतो सुमारे ९४२. प्रोग्रॅमला १०१२ दिला तर घनता ७ टक्क्यांहून जास्त चुकली, म्हणजे १००० मीटरवर गोळी फूटभराहून अधिक सरकली. १५०० मीटर उंचीच्या ठिकाणी हीच चूक २० टक्क्यांच्या घरात जाते आणि लक्ष्यावर जवळपास एक मीटरचा फरक पडतो. एवढी चूक कुठलाही बिघडलेला सेन्सर सहसा करत नाही. ती एका चुकीच्या सेटिंगने होते.

मीटरमध्ये हे कुठे अडतं? बहुतेक मीटरांना बॅरोमेट्रिक प्रेशर काढण्यासाठी संदर्भ उंची द्यावी लागते. ती उंची तुम्ही कधीकाळी टाकलेली असते, किंवा आधीच्या मालकाने टाकलेली असते. ती शून्य केली की बॅरोमेट्रिक आणि स्टेशन हे दोन्ही आकडे एकच यायला हवेत. नवीन मीटर हातात आलं की मी सर्वात आधी हेच करायला सांगतो: संदर्भ उंची शून्य करा, दोन्ही आकडे सारखे येतात का बघा, आणि यापुढे नेमबाजीसाठी फक्त स्टेशन प्रेशरकडेच बघा. ज्या मीटरमध्ये बॅलिस्टिक प्रोग्रॅम आतच असतो ते स्टेशन प्रेशर स्वतःच उचलतं. फोनवरच्या प्रोग्रॅममध्ये हाताने आकडा टाकत असाल तर ‘दाब समुद्रसपाटीला रूपांतरित आहे’ अशा अर्थाचा पर्याय बंद आहे ना, ते तपासा.

काही जण दाबाच्या भानगडीत न पडता फक्त उंची टाकतात. मग प्रोग्रॅम त्या उंचीचा प्रमाण दाब गृहीत धरतो. पण हवामान प्रमाणाप्रमाणे वागत नाही. कमी दाबाचा पट्टा किंवा जास्त दाबाचा पट्टा आला की त्याच जागी दाब १०-१५ हेक्टोपास्कलनी सहज सरकतो. हातात दाब मोजणारं मीटर असताना उंचीवरून अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

आता सेन्सरच बरोबर आहे का ते कसं तपासायचं? चांगला खात्रीचा संदर्भ म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल, ज्याला मेटार म्हणतात. त्यात ‘क्यू’ अक्षरापुढे हेक्टोपास्कलमध्ये समुद्रसपाटीचा दाब असतो. काही देशांत ‘ए’ अक्षरापुढे इंच पाऱ्यात असतो. विमानतळाची उंची जाहीर असते. त्यावरून स्टेशन प्रेशर काढायचं सूत्र असं: उंची मीटरमध्ये घ्या, तिला ०.००६५ ने गुणा, २८८.१५ ने भागा, आलेला आकडा १ मधून वजा करा, उत्तराचा ५.२५६ वा घात काढा आणि त्याने अहवालातल्या दाबाला गुणा. वरच्या उदाहरणातले ९४२ असेच आले. मीटर शक्य तितकं विमानतळाजवळ न्या. तुमची जागा त्याच्यापेक्षा वर-खाली असेल तर कमी उंचीच्या प्रदेशात दर साडेआठ मीटरला १ हेक्टोपास्कल असा फरक धरा.

वेळ जुळवायला विसरू नका. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास आणि रात्री दहाच्या सुमारास तो वरच्या टोकाला असतो, आणि हा चढउतार दोन-तीन हेक्टोपास्कलचा सहज असतो. सकाळच्या अहवालाशी दुपारचं मीटर ताडून बघितलं तर नसलेली चूक दिसेल. वादळी हवेत हा उद्योग करूच नये.

हेक्टोपास्कलमधला अहवाल पूर्ण अंकात खाली आणून लिहितात, म्हणजे त्यातच जवळपास १ हेक्टोपास्कलची संदिग्धता असते. चांगल्या मीटरची स्वतःची छापील अचूकता दीड हेक्टोपास्कलच्या आसपास असते. तेव्हा फरक दोन-अडीचच्या आत असेल तर काहीही करू नका. वेगवेगळ्या दिवशी बघूनही तो एकाच बाजूला चार-पाच राहत असेल, तर मीटरमध्ये दाबाची दुरुस्ती टाकायची सोय असल्यास ती वापरा, नाहीतर दुरुस्तीला पाठवा. एकाच दिवसाच्या फरकावरून सेटिंग हलवणं म्हणजे चांगलं मीटर बिघडवणं.

सेन्सर अडकलेला नाही ना, हे बघायला आणखी सोपी युक्ती आहे. जिन्याने दहा मीटर वर चढा. दाब साधारण १.२ हेक्टोपास्कलनी उतरला पाहिजे आणि खाली आल्यावर मूळ जागी परतला पाहिजे. यातून आकडा खरा आहे की नाही ते कळत नाही. सेन्सर जिवंत आहे एवढं कळतं.

तापमान: सेन्सर चांगला, सवय वाईट

चांगल्या मीटरचा तापमानाचा सेन्सर अर्ध्या अंशापर्यंत बरोबर असतो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो. तरी प्रत्यक्ष मैदानावर सर्वाधिक चुका तापमानातच दिसतात, कारण सेन्सर हवेचं तापमान न सांगता स्वतःचं तापमान सांगतो. खिशातून काढलेलं मीटर तुमच्या अंगाची ऊब सांगतं. उन्हात ठेवलेलं मीटर त्याच्या काळ्या प्लॅस्टिकची. वातानुकूलित गाडीतून काढलेलं मीटर बराच वेळ गाडीतलंच तापमान दाखवत राहतं, आणि दमट हवेत त्यावर बाष्पही धरतं.

उपाय साधा आहे. मीटर दोरीला धरून सावलीत, निदान स्वतःच्या सावलीत, हळूहळू गोल फिरवा. सेन्सरवरून हवा वाहू लागली की तो हवेच्या तापमानाला येतो. आकडा खाली किंवा वर सरकत असेल तोवर थांबा. तो ठरला की मगच घ्या. मीटरमधला प्रोग्रॅम हवामान सतत आपोआप उचलत असेल तर ते बंद करून ठरलेला आकडा एकदा पकडून ठेवणं बरं. नाहीतर तुम्ही वारा बघत असता आणि मीटर तळहाताची ऊब हिशोबात घेत असतं.

सेन्सर तपासायचाच असेल तर मीटर बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. मीटर पाणी न शिरणारं असलं तरी आर्द्रतेच्या सेन्सरला त्याची शिक्षा होते. त्याऐवजी एक बरा डिजिटल किंवा काचेचा तापमापक घ्या आणि आधी त्याची परीक्षा घ्या. स्वच्छ पाण्याचा बर्फ बारीक फोडा, फटी भरतील एवढंच पाणी घाला, ढवळा, तापमापकाचं टोक मधोमध ठेवा. बर्फ तळापर्यंत असला पाहिजे. वर तरंगणारे चार खडे आणि खाली नुसतं पाणी असेल तर तळाशी शून्य नसतं. काही मिनिटांनी तापमापकाने ० दाखवलं की त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. मग तो आणि मीटर शेजारी शेजारी सावलीत, चालू पंख्यासमोर पंधरा-वीस मिनिटं ठेवा. पंख्याने कोरडा सेन्सर हवेपेक्षा थंड होत नाही, फक्त तो लवकर हवेच्या तापमानाला येतो. दोघांत एक अंशाच्या आत फरक असेल तर विषय संपला. बहुतेक मीटरांत तापमानाची दुरुस्ती घरच्या घरी करता येत नाही. कायमचा फरक दिसला तर तो वहीत लिहून ठेवायचा आणि मीटर कंपनीकडे पाठवायचं.

आर्द्रता आणि मिठाची डबी

आर्द्रतेचा सेन्सर म्हणजे बाष्प शोषणारा एक बारीक पडदा. बाष्प शोषल्यावर त्याची विद्युत धारिता बदलते आणि त्यावरून मीटर टक्केवारी काढतं. हा पडदाच काळाच्या ओघात सरकतो. कीटक पळवणारे मलम, बंदूक साफ करायचे द्रावक, धूर यांची वाफ त्याला बाधते. म्हणून पाचांपैकी हा एक सेन्सर असा आहे की ज्याचं कॅलिब्रेशन घरी करायची सोय बरेच उत्पादक देतात.

पद्धत जुनी आणि खात्रीची आहे. बंद डब्यात मिठाचं संपृक्त द्रावण ठेवलं की आतल्या हवेची आर्द्रता ठरावीक टक्क्यावर येऊन थांबते. साध्या मिठासाठी, म्हणजे सोडियम क्लोराईडसाठी, ती २५ अंशांना ७५.३ टक्के असते. मॅग्नेशियम क्लोराईडसाठी ३२.८. मिठाचा मोठा गुण असा की तापमान २० असो वा ३०, आकडा अर्ध्या टक्क्याहून फारसा हलत नाही.

डबी भरताना एक गोष्ट सांभाळायची: मीठ पाण्यात पूर्ण विरघळता कामा नये. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या आणि थेंब थेंब पाणी घालत ओल्या वाळूसारखा लगदा करा. न विरघळलेले कण दिसत राहिले पाहिजेत. ते संपले की द्रावण संपृक्त राहत नाही आणि आकडा वर चढतो. शक्य असेल तर शुद्ध मीठ घ्या, कारण खाण्याच्या मिठात ते मोकळं राहावं म्हणून इतर पदार्थ मिसळलेले असतात. झाकण आणि मीटर एका हवाबंद डब्यात ठेवा, लगदा मीटरला कुठेही लागू देऊ नका, आणि डबा उन्हापासून व पंख्यापासून दूर, तापमान हलणार नाही अशा जागी पूर्ण एक दिवस राहू द्या. दर तासाला उघडून बघितलं तर काही उपयोग नाही, कारण प्रत्येक वेळी आत नवीन हवा शिरते. दुसऱ्या दिवशी मीटरने ७३ ते ७८ च्या दरम्यान काही दाखवलं तर नेमबाजीसाठी ते पुरेसं आहे. त्याहून दूर असेल तर उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे दोन्ही क्षारांवर कॅलिब्रेशन करा. वर्षातून एकदा हे झालं तरी खूप झालं.

वारा: कॅलिब्रेशन नाही, पडताळणी

मीटरमधला वारा मोजणारा पंखा कारखान्यात, वाऱ्याच्या बोगद्यात, प्रमाण यंत्राशी ताडून जुळवलेला असतो. तो घरी जुळवता येत नाही, तसा प्रयत्नही करू नये. छापील अचूकता साधारण ३ टक्के असते. हे ३ टक्के लक्ष्यावर किती होतात?

वाऱ्याने गोळी किती सरकते याचं एक सुरेख सूत्र आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इझिडोर दिदिओं या फ्रेंच बॅलिस्टिकतज्ज्ञाच्या नावाने ते ओळखलं जातं. गोळीला लक्ष्यापर्यंत पोचायला प्रत्यक्ष लागलेला वेळ घ्या. हवा नसतीच तर किती लागला असता तो त्यातून वजा करा. उरलेल्या वेळाला आडव्या वाऱ्याच्या वेगाने गुणा. आपल्या उदाहरणातली गोळी १००० मीटर साधारण १.७ सेकंदात जाते. हवा नसती तर १.२ सेकंदात गेली असती. उरलं अर्धं सेकंद. म्हणजे आडव्या वाऱ्याच्या दर १ मीटर प्रतिसेकंदाला गोळी अर्धा मीटर सरकते. वारा ४ मीटर प्रतिसेकंद असेल तर मीटरची ३ टक्के चूक म्हणजे ६ सेंटिमीटर.

पण मीटर आपल्या हातात आहे, आणि वारा हजार मीटर लांबीभर वेगवेगळा वाहतोय. मधल्या खोलगट भागात तो जास्त असेल, लक्ष्यापाशी उलटा असेल. ती चूक ६ सेंटिमीटरच्या कितीतरी पट मोठी असते आणि कुठलंही कॅलिब्रेशन ती कमी करत नाही. तिथे गवत, धूळ आणि उन्हातली मृगजळाची लहर वाचायला शिकावं लागतं. मीटरचा खरा उपयोग डोळ्याला शिकवण्यासाठी: इथे ३ मीटर प्रतिसेकंदाला गवत असं वाकतं, हे एकदा ताडून ठेवलं की तेच गवत सहाशे मीटरवर दुर्बिणीतून वाचता येतं.

पंख्याची तब्येत मात्र बघावीच. हलकीच फुंकर मारा. पंखा मोकळा फिरून हळूहळू, एकसारखा मंदावत थांबला पाहिजे. अडखळत, झटका खात थांबला तर आसाभोवती केस, धागा किंवा धूळ गुंडाळलेली असते. बऱ्याच मीटरांत पंखा काढून नवीन बसवता येतो आणि तो आधीच संतुलित केलेला असतो. पंख्याला बोटाने ढकलणं आणि जोरात फुंकणं टाळा; सर्वात नाजूक भाग त्याचा आस आणि बेअरिंग.

वेग पडताळायला लोक गाडीच्या खिडकीतून मीटर बाहेर धरतात आणि स्पीडोमीटरशी ताडतात. हे फसवं आहे. गाडी स्वतःच हवा बाजूला लोटते, त्यामुळे खिडकीजवळ हवेचा वेग गाडीच्या वेगाहून वेगळा असतो. वर त्या दिवशीचा वारा मिसळतो, आणि स्पीडोमीटर स्वतः थोडं जास्तच दाखवतं. त्यापेक्षा दारंखिडक्या बंद असलेला, पंखे बंद केलेला लांब हॉल शोधा. ५० मीटर मोजून खुणा करा, मीटर हात लांब करून अंगापासून पुढे धरा आणि एकाच चालीने चाला. ४० सेकंद लागले तर तुमचा वेग सेकंदाला १.२५ मीटर. मीटरचा सरासरी वेग त्याच्या आसपास यायला हवा. परत येताना उलट दिशेनेही मोजा. पंखा घासत असेल तर त्याची खोड अशा कमी वेगातच उघडी पडते, कारण जोराच्या वाऱ्यात घर्षण लपून जातं.

आणखी एक पडताळणी म्हणजे दोन मीटर शेजारी शेजारी, एकाच उंचीवर, निदान मिनिटभराची सरासरी घेत. मग जागा बदलून पुन्हा. विमानतळाच्या वाऱ्याशी तुलना करू नका. तो १० मीटर उंचीवर मोजलेला असतो आणि जमिनीलगतच्या वाऱ्यापेक्षा बहुधा जास्त असतो.

पंखा नेमका वाऱ्याकडे नसेल तर वेग कमी येतो, पण चांगल्या मीटरमध्ये १५ अंशांपर्यंतची तिरकी धरणी वेगात फक्त ३ टक्क्यांची घट करते. त्यापेक्षा मोठी चूक आपल्या अंगाची. मीटर छातीजवळ धरलं तर आपणच वारा अडवतो.

होकायंत्र, आणि वारा समोरून असतानाचा धोका

दिशा सांगणाऱ्या मीटरमधलं होकायंत्र चुंबकीय असतं आणि ते सर्वात सहज बिघडतं. बॅटरी बदलली की पुन्हा कॅलिब्रेट करायचं, कारण बॅटरीच्या कवचालाही थोडं चुंबकत्व असतं. मीटर सरळ उभं धरून, पुस्तिकेत सांगितलंय तेवढ्या वेळा, सावकाश पूर्ण गोल फिरवायचं. गाडी, लोखंडी टेबल, रायफल, बायपॉड, फोन, चुंबकाची बटणं असलेली बॅग, सगळं दूर. गाडीच्या बॉनेटवर ठेवून केलेलं कॅलिब्रेशन न केल्यापेक्षा वाईट.

ही चूक कधी महागात पडते ते समजून घ्या. वारा पूर्ण आडवा असताना दिशा १० अंशांनी चुकली तर आडवा घटक जेमतेम दीड टक्क्याने बदलतो. पण वारा जवळपास समोरून किंवा मागून असताना तेच १० अंश वाऱ्याच्या १७ टक्के इतका खोटा आडवा घटक तयार करतात. ४ मीटर प्रतिसेकंदाच्या वाऱ्यात तो ०.७ होतो आणि १००० मीटरवर गोळी ३५ सेंटिमीटर बाजूला जाते. वारा सौम्य, समोरून, ‘सोपा’ वाटतो, तेव्हाच होकायंत्र बरोबर असणं गरजेचं असतं. लक्ष्याची दिशा आणि वाऱ्याची दिशा दोन्ही त्याच मीटरने घेतल्या तर चुंबकीय उत्तर आणि खऱ्या उत्तरेतला फरक आपोआप कटतो. एक नकाशावरून आणि दुसरी मीटरवरून घेतली तर तो फरक सेटिंगमध्ये टाकावाच लागतो.

सगळं जुळलं का, ते एका आकड्यात

मीटर डेन्सिटी अल्टिट्यूड दाखवत असेल तर तापमान, दाब आणि आर्द्रता या तिघांची एकत्र परीक्षा होते. आत्ताची हवा प्रमाण वातावरणात किती उंचीवर सापडली असती, तो हा आकडा. मघाचीच रेंज घ्या: स्टेशन प्रेशर ९४२, तापमान ३० अंश, आर्द्रता ५० टक्के. घनता येते घनमीटरला सुमारे १.०७३ किलो आणि डेन्सिटी अल्टिट्यूड साधारण १३५० मीटर. जमीन ६०० मीटरवर, पण गोळीच्या दृष्टीने हवा साडेतेराशे मीटरवरची. स्वतःच्या रेंजचा असा हिशोब एकदा कागदावर करून ठेवा. मीटर त्यापासून शंभर मीटरच्या आत असेल तर घनतेत साधारण १ टक्क्याच्या आत आहात.

मीटर बरोबर आहे अशी खात्री झाली आणि तरी गोळी जुळत नसेल, तर प्रोग्रॅममधला बॅलिस्टिक कोएफिशिएंट, म्हणजे गोळी हवेचा अडथळा किती चांगला कापते तो आकडा, कुठल्या प्रमाण वातावरणासाठी दिलाय ते बघा. प्रमाण वातावरणं दोन वापरात आहेत. एकात समुद्रसपाटीचा दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल आणि हवा कोरडी. दुसऱ्या, जुन्या सैनिकी प्रमाणात दाब सुमारे १००० आणि आर्द्रता ७८ टक्के. दोघांच्या घनतेत जवळपास पावणेदोन टक्क्यांचा फरक आहे, आणि तो १००० मीटरवर आठ-नऊ सेंटिमीटरचा होतो.

एवढं झाल्यावर ट्रूइंगला बसा. वहीत नुसता जुळवलेला वेग लिहू नका. त्याच ओळीत त्या वेळचा स्टेशन प्रेशर, तापमान, आर्द्रता आणि मीटर शेवटचं कधी ताडलं ती तारीखही लिहा. पुढे कधी मीटरमध्ये तीन अंशांचा किंवा पाच हेक्टोपास्कलचा फरक निघाला, तर कुठले जुने वेग त्या चुकीवर उभे आहेत ते वहीतूनच कळेल, आणि तेवढेच नव्याने काढावे लागतील.